विरजण

आषाढातली संध्याकाळ. तीन दिवस झड लागलेली, गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे वाळता वाळत नव्हते आणि घरभर ओल्या टॉवेलचा वास. देवाजवळ दिवा लावून मी हात पुसत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधली नवी सून, हातात स्टीलची छोटी वाटी. "काकू, थोडं विरजण मिळेल का? आमचं संपलंय." आणि मी काय म्हणाले, तर "अगं, आत्ता दिवेलागणीला नको, उद्या सकाळी देते हं." कुठून आलं तोंडात, कळलंही नाही. ती "बरं काकू" म्हणाली आणि रिकामी वाटी ओढणीआड धरून चार पावलांवरच्या तिच्या दाराकडे वळली. मी स्वयंपाकघरात आले, फ्रिज उघडला. पाऊण पातेलं दही होतं, वर सायीची जाड कड.

तिला काही वाटलं असेल, नसेल. मला मात्र ते रात्रभर टोचत राहिलं. निवृत्तीपर्यंत एकोणीस वर्षं मी एका सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रात समुपदेशक होते. एचआयव्हीची तपासणी करायला आलेल्यांना आधी समजवायचं, निकाल आल्यावर पुन्हा समजवायचं, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सासवा, दीर, भाऊ यांना वेगळं बसवून तेच सांगायचं: एका ताटात जेवल्यानं होत नाही, एका वाटीनं होत नाही, एका माठातलं पाणी प्यायल्यानं होत नाही. घसा बसेपर्यंत सांगितलंय. वाटी दिल्याघेतल्यानं काही बिघडत नाही हे ज्या बाईनं हजारभर लोकांच्या गळी उतरवलं, तिला स्वतःच्या दारात एक चमचा दही देता आलं नाही.

ही समजूत सासूबाईंची. पंचवटीतल्या वाड्यात त्यांचा नियम पक्का होता: तिन्हीसांजेला मीठ, विरजण आणि पैसा उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. दिवसा मात्र कुणीही या, वाटी पुढे करा. डिसेंबरात गोदाकाठचा गारठा असा की दही लागता लागत नसे. मग त्या कोमट दुधात बोट बुडवून पाहायच्या, चमचाभर विरजण चांगलं घोटून घालायच्या, पातेलं जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायच्या आणि "आता कुणी हलवू नका रे" अशी सगळ्यांना ताकीद. सकाळी डब्याचं झाकण काढलं की तांदळाचा आणि आंबूस दुधाचा एकत्र वास यायचा. तो वास मला अजून कुठल्या दुकानात मिळालेला नाही. २००८च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती पाण्यात दिसेनासा झाला, आमच्या खालच्या खोल्यांत गुडघाभर गाळ. फ्रिज गेला, धान्य गेलं, त्यात विरजणही गेलं. पाचव्या दिवशी सातपूरहून नणंद झाकणाच्या डब्यातून दही घेऊन आली. सासूबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "हे आपलंच आहे." होतंच. नणंदेच्या घरी ते लग्नात त्यांनीच पाठवलेलं होतं.

हे सगळं त्या रात्री डोक्यात घोळत असतानाच त्यात भाचीचं बोलणं मिसळलं. ती पुण्यात विषाणूंवर पीएचडी करते. मागच्या दिवाळीला आली तेव्हा मी सहज विचारलं होतं, की बाई गं, तू नक्की करतेस तरी काय. ती म्हणाली, "मावशी, एचआयव्ही पेशीत शिरला की आपल्याच पेशीतले आरएनए त्याला कुठे मदत करतात आणि कुठे आडवे येतात, ते बघते." मग बोलता बोलता म्हणाली, की व्हायरसचा प्रायमर आपणच पुरवतो. घरात तेव्हा रंगकाम चाललेलं. पेंटर सकाळपासून "आधी प्रायमर मारावा लागेल, ओल आहे" म्हणत होता. मला वाटलं ही तेच काहीतरी सांगतेय, भिंतीला लावतात ते. मी मान डोलावली आणि शंकरपाळ्यांची ताटली पुढे केली. तिनं माझा चेहरा ओळखला असावा. जाताना चार-पाच लेख फोनवर पाठवून गेली. ते मी उघडले नव्हते. विरजणाच्या रात्री झोप येईना म्हणून उघडले.

आता मला उमगलं तसं सांगते. एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस. त्याचा सगळा मजकूर आरएनएत लिहिलेला, साडेनऊ हजारांच्या आसपास अक्षरांचा, आणि त्याच्या दोन प्रती तो बरोबर बाळगतो. पेशीत शिरल्यावर त्याला हा मजकूर डीएनएत उलटा लिहून घ्यावा लागतो. आपल्याकडे नेहमी डीएनएवरून, म्हणजे पेशीतल्या मूळ मजकुरावरून, आरएनए ही कामापुरती नक्कल होते, हा उलट्या दिशेनं जातो. अमेरिकी शास्त्रज्ञ हॉवर्ड टेमिन साठच्या दशकात असं काहीतरी होत असणार म्हणून सांगत होते तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७० साली त्यांनी आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत ते उलटं लिहिणारं एन्झाइम शोधून दाखवलं, १९७५ला दोघांना नोबेल मिळालं. इथवर मला नोकरीतल्या प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. जे शिकवलेलं नव्हतं ते पुढे. हे एन्झाइम कोऱ्या जागेवर पहिलं अक्षर लिहूच शकत नाही. त्याला आधी कुणीतरी लिहिलेलं एक टोक लागतं, त्याला जोडून मग ते भराभर पुढे जातं. भाची म्हणत होती तो प्रायमर हाच. तेवढं टोक विषाणूकडे स्वतःचं नसतं. ते आपल्या पेशीतलं असतं: टी-आरएनए. प्रथिनं बनवताना एकेक अमिनो आम्ल उचलून जागेवर नेऊन देणारे हे हमाल. जेमतेम ७६ अक्षरांचा रेणू, पेशीत दिवसरात्र राबणारा, आणि त्यातलाही लायसिन वाहणारा एक ठरावीक प्रकार एचआयव्हीला लागतो. त्याच्या शेपटाची शेवटची १८ अक्षरं विषाणूच्या मजकुरातल्या १८ अक्षरांवर बरोबर बसतात. बसली की लिखाण सुरू.

विरजणच की हे.

आणि दर विषाणूचं विरजण ठरलेलं. कोंबड्यांच्या राउस सार्कोमा विषाणूला ट्रिप्टोफॅन वाहणारा टी-आरएनए लागतो, उंदरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूला प्रोलिन वाहणारा, एचआयव्हीला लायसिनवाला. संशोधकांनी खोडी काढून पाहिली आहे. एचआयव्हीची ती १८ अक्षरं बदलून दुसऱ्याच टी-आरएनएला जुळतील अशी केली. विषाणू कसाबसा वाढला, पण पिढ्यामागून पिढ्या वाढवत नेल्यावर त्याची अक्षरं पुन्हा मूळच्या लायसिनवर आली. हे वाचताना मला सासूबाई आठवल्या. दुकानातल्या दह्याचं विरजण लावलेलं दही त्यांनी दोन दिवस खाल्लं आणि तिसऱ्या दिवशी कुणाला तरी नणंदेकडे पिटाळलं.

त्याहून मला हलवून गेलं ते असं, की हा टी-आरएनए विषाणू नव्या पेशीत शिरल्यावर तिथे शोधत बसत नाही. आधीच्या पेशीतून बाहेर पडतानाच तो बरोबर घेतो. ज्या एन्झाइमचं काम त्या टी-आरएनएवर लायसिन चढवायचं, त्याचाच हात विषाणूचं प्रथिन धरतं, आणि मग हमालही मागोमाग आत ओढला जातो. एकदोन पुरले असते, पण या कुळातले वीसेक भरून नेतो. तेवढ्यावर भागत नाही. सेव्हन-एसएल नावाचा पेशीचा आणखी एक आरएनए त्याच्या पोटात सापडतो, तोही त्याच्या स्वतःच्या दोन प्रतींपेक्षा जास्त संख्येनं. पाहुणा निघताना घरातलं हाताला लागेल ते पिशवीत भरतो, तसं. म्हणजे दुसऱ्या घरी तो जे दही लावतो, त्याचं विरजण पहिल्या घरचं असतं. इथे माझी उपमा थोडी फाटते, हे कबूल करते. विरजण दुधात मिसळून स्वतःच सगळं दूध व्यापतं. टी-आरएनए मात्र फक्त टोक देतो, काम झालं की त्याला कापून बाजूला टाकतात.

पहाटे साडेतीनला फोन बंद केला आणि मला ती आठवली.

निफाडकडची होती. वय असेल चोवीस-पंचवीस. द्राक्षबागेत कामाला जायची. छाटणीचा हंगाम असावा, कारण बोटांवर कात्रीचे घट्टे होते आणि नखांत डिंकासारखं काहीतरी काळं. वीसेक दिवसांपूर्वी नवरा गेलेला. गोळ्या मोफत मिळायला लागून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आणि सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली आल्याशिवाय त्या सुरूही व्हायच्या नाहीत. तिचा आकडा दोनशेच्या वर होता, म्हणजे नुसती वाट बघायची होती. निकाल सांगितल्यावर ती रडली नाही. टेबलावरच्या रबरी शिक्क्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, पन माझ्या अंगानं त्याला आत घेतलंच कसं? दारातलं कुत्रंसुद्धा अनोळखी मानसावर भुंकतं."

मी म्हणाले, "तुमची काही चूक नाही." हे वाक्य आम्हाला शिकवलेलं होतं आणि ते खरंही होतं. पण तिनं चूक कुणाची ते विचारलंच नव्हतं. तिनं कसं ते विचारलं होतं. नवऱ्याकडून कसं आलं ते तिला न सांगता कळत होतं. तिचा प्रश्न त्याच्या पुढचा होता, उंबऱ्याच्या आतला. मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही हे सांगायची लाज वाटली. बाहेर बाकावर अकरा जण बसलेले. मी फॉर्मवर खूण केली, पुढची तारीख दिली. तिनं तारखेचा कागद घडी करून ब्लाउजात ठेवला आणि उठली.

आज ती समोर बसली तर मी काय सांगेन, याची मनातल्या मनात जुळवाजुळव करते. सांगेन, की बाई, तुझं अंग भुंकलं. पेशीत त्याला अडवणारी माणसं आहेत. पण घरात जी रोज राबतात, भांडी घासतात, पाणी भरतात, त्यांना कोण आलंय ते बघायचं काम दिलेलंच नसतं. लायसिन वाहणारा हमाल लायसिन वाहतो. कुणी मध्येच त्याच्या खांद्यावर हात टाकला तर तो जातो बरोबर. तिला हे पटलं असतं का, माहीत नाही. कदाचित म्हणाली असती, "मंग हमालाला तरी कसं कळंना?"

किल्ल्यांची गोष्ट मात्र तिला नक्की आवडली असती. विषाणूचा डीएनए एकदा आपल्या गुणसूत्रात शिवला गेला की त्याच्या नकला आपल्याच पेशीचं यंत्र काढतं. पण ते यंत्र थोडं चालतं आणि अडखळतं. पुढे रेटायला एक प्रथिन लागतं, पी-टेफ-बी त्याचं नाव. पेशी त्यातलं बरंचसं सांभाळून, बांधून ठेवते, आणि ज्याला बांधून ठेवते तो पुन्हा एक आरएनएच: सेव्हन-एसके, तीनशे तीसेक अक्षरांचा. सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. फडताळाची, तिजोरीची, लोणच्याच्या कोठीची किल्ली. हवी तेव्हा, हवी तेवढीच किल्ली सुटायची, आणि काम झालं की परत कमरेला. सेव्हन-एसकेचं तेच. एचआयव्हीचं टॅट नावाचं प्रथिन येतं आणि तो जुडगाच सोडवून नेतं, आपल्या आरएनएच्या टोकाशी असलेल्या गाठीपाशी. मग नकला थांबता थांबत नाहीत. कोठी सताड उघडी.

आता दुसरी बाजू. लिंबूपाणी करताना साखर ढवळत मी हा लेख वाचत होते आणि चमचा तसाच हातात राहिला. पेशीत मायक्रो-आरएनए असतात, बावीसेक अक्षरांचे बारके तुकडे. त्यांचं काम इतर आरएनएंना गप्प करायचं. २००५ साली फ्रान्समधल्या संशोधकांना दिसलं, की माणसाच्या पेशीतला असा एक तुकडा माकडांकडून आलेल्या फोमी विषाणूला आवरतो. दोन वर्षांनी एचआयव्हीबद्दलही तसंच आढळलं: निवांत पडून असलेल्या टी-पेशींत, म्हणजे एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या प्रतिकाराच्या पेशींत, असे काही तुकडे आहेत, ते विषाणूच्या आरएनएच्या शेवटाला चिकटतात आणि त्याची प्रथिनं बनू देत नाहीत. वाचून मी आधी खूश झाले. आपल्या बाजूचं कुणीतरी सापडलं म्हणून. मग पुढची ओळ. गप्प पडलेला विषाणू मेलेला नसतो. बोलत नाही म्हणून तो शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसत नाही, आणि लिखाण चालू असेल तेव्हाच ज्यांचा उपयोग त्या गोळ्यांनाही सापडत नाही. गोळ्या बंद केल्या की काही आठवड्यांत तो पुन्हा उठून बसतो तो या झोपलेल्या पेशींमधूनच.

मी चमचा ठेवला. कारण गप्प ठेवणं काय असतं ते मी त्या खोलीत एकोणीस वर्षं पाहिलंय. तीच निफाडची बाई पुढे गोळ्यांवर आली, दर महिन्याला येत राहिली. गोळ्या डब्यातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची आणि घरी बाजरीच्या कणगीत खोल दडवायची. सासरी कुणाला कळू द्यायचं नव्हतं. सासूला कळलं असतं तर बागेतला हिस्सा गेला असता, पोरगं गेलं असतं. एकदा गोळ्यांच्या पुडीला पिठाचा वास येत होता. मी तिला म्हणाले, "ओल लागेल, अशा ठेवू नका." ती हसली. तिचं ते गप्प राहणं तिला वाचवत होतं आणि तेच तिला आतून खातही होतं. यातलं कुठलं जास्त, हे मला कधी ठरवता आलं नाही. सहा-सात वर्षांनी ती यायची थांबली. आमच्या भाषेत 'फॉलो-अपमधून गेली'. दुसऱ्या केंद्रावर नाव लावलं असेल, असं मी रजिस्टरकडे बघून स्वतःला सांगायचे. २०१७पासून आकडा न बघता सगळ्यांनाच गोळ्या सुरू झाल्या तेव्हाही पहिली तीच आठवली होती.

त्या गोळ्यांपैकी एकीचं काम आता नीट कळतं. झिडोव्हुडिन, १९८७ साली एचआयव्हीवर मान्यता मिळालेलं पहिलं औषध. ती एका अक्षरासारखी दिसते, पण पुढचं अक्षर अडकवायचा हुक तिला नसतो. विषाणूचं एन्झाइम ती उचलतं, ओळीत लावतं आणि तिथेच लिखाण खुंटतं. मी किती हजार वेळा या गोळ्या मोजून दिल्या असतील. "वेळ चुकवू नका," एवढंच म्हणायचे.

भाचीनं पाठवलेल्यांत एक लेख उंदरांवरचा होता. तो मी दोनदा वाचला. आपल्या डीएनएचा सुमारे आठ टक्के भाग हा फार जुन्या रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहेत, म्हणजे लाखो-कोटी वर्षांपूर्वी आत आले आणि राहूनच गेले असे. उंदरांतही असे आहेत, आणि काही तर अजून उठून स्वतःच्या नकला करू बघतात. त्यांनाही टी-आरएनएचंच विरजण लागतं. २०१७ साली असं दिसलं, की उंदराच्या मूळपेशींत टी-आरएनएचे तुटलेले शेपटाकडचे तुकडे असतात, नेमके १८ अक्षरांचे, आणि ते टी-आरएनए बसतो त्याच जागेशी जुळून लिखाण सुरूच होऊ देत नाहीत. ज्यानं दार उघडायचं, त्याचाच तुटका तुकडा दारात आडवा. मी भाचीला सकाळी सहाला मेसेज टाकला: "हे उंदराचं खरं आहे का गं?" तिचं लगेच उत्तर, "मावशी तू झोपली नाहीस का??" आणि मग, "हो, खरं आहे."

आंघोळ करून, दूध तापवून, मी चांगलं वाटीभर दही घेऊन समोरच्या दाराची बेल वाजवली. सून दारात आली, केस ओले, मागे कुकरची शिटी. "अगं, काल..." मी सुरुवात केली, तर तिनं मला बोलूच दिलं नाही. "काकू, लागलं दही! मिरच्यांची देठं टाकली, आई टाकायची तशी. या ना, बघा." ओट्यावर बरणी होती. दही लागलेलं होतं, जरा पातळ, कडेनं पाणी सुटलेलं, आणि वर दोन हिरवी देठं तरंगत होती. मी आणलेली वाटी तिनं तरीही घेतली. म्हणाली, ही पुढच्या वेळेसाठी.

त्याच दिवशी संध्याकाळी, दिवा लावून मी उदबत्तीची काडी विझवत होते, बेल वाजली. माझीच वाटी, धुतलेली, आणि त्यात तिचं दही. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झालेली. मी दोन्ही हातांनी वाटी घेतली. तिनं विचारलं, "तिखट नाही ना लागत, काकू?" मी तिथेच, उंबऱ्यात उभ्यानं, बोट बुडवून चाटून पाहिलं. थोडं लागत होतं.